प्रशासकाशी संपर्क साधा

आमच्या घरात कागद हरवत नाही. हे वाक्य मी गेली दोन वर्षं इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की त्या मंगळवारी माझ्यावर वेळ आली तेव्हा नातेवाइकांत एकालाही वाईट वाटलं नाही. खरं तर कागद हरवलेला नव्हताच. तो बैठकीत टीव्हीशेजारच्या काळ्या डब्यात, ‘कागदपत्रे’ नावाच्या फोल्डरमध्ये सुखरूप होता. कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तिथे जायची मला परवानगी नव्हती.

डबा म्हणजे काय ते आधी सांगतो. कॉम्प्युटरवाले त्याला नेटवर्क स्टोरेज म्हणतात. घरच्या वायफायला जोडून ठेवायचा आणि घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवरून त्यातले फोल्डर उघडायचे. मी वसमतच्या एका कॉलेजात लिपिक आहे. प्रवेश, बोनाफाईड, टी.सी. हा माझा प्रांत, आणि सत्तावीस वर्षांत माझ्या खिडकीतून चुकीचा कागद बाहेर गेलेला नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या रेकॉर्डचं एक कपाट उघडलं, तर वाळवीने चार वर्षांचे विद्यार्थी एकत्र करून टाकले होते. त्याच संध्याकाळी मी डबा मागवला.

बसवायला आला वैजनाथ. बसस्टँडमागे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, माणूस सरळ आणि कामाला चोख. तो घरी आला त्या दिवशी मी कॉलेजात होतो. त्याचा फोन आला, “सर, घरात माणसं कोणकोण? नावं काय टाकू?” खिडकीसमोर चाळीस पोरं उभी होती. दुसरा कोणी असता तर तोंडी सांगून मोकळा झाला असता. पण नावं तोंडी घ्यायची आणि मग वर्षभर दुरुस्तीचे अर्ज स्वीकारत बसायचं, हे मी सत्तावीस वर्षं बघत आलो आहे. मी म्हणालो, “टेबलावर रेशनकार्डाची झेरॉक्स आहे. तिच्यात आहे तसं टाका. आपल्या मनाचं काही घालू नका.”

पुढचा सगळा प्रकार या तीन वाक्यांतून झाला.

रेशनकार्ड टेबलावर कसं, तर त्या दिवसांत रेशनच्या दुकानात घरोघरच्या माणसांचे अंगठे घेणं चाललं होतं. धान्य आम्ही उचलत नाही, पण अंगठा दिला नाही तर कार्ड बंद पडेल या धास्तीने आमच्या आईने, रुक्माबाईने, दुकानाला पाच खेपा घातल्या. चाळीस वर्षं गावाकडे कुरुंद्याच्या शेतात हळद काढून आणि शिजवून तिच्या अंगठ्यावरच्या रेषा गेलेल्या. मशीन तिला ओळखेना. दुकानदार दर खेपेला म्हणायचा, “आजी, आधारचा नंबर सांगा, अन् अंगठा जोरात दाबा.” पाचव्या खेपेला एकदाची ओळख पटली. आई घरी आली ती निवडून आल्यासारखी.

तर वैजनाथने डबा बसवला, माझ्या जुन्या लॅपटॉपला जोडून दिला आणि गेला. झाकण उघडलं की फोल्डर समोर. नाव विचारत नसे, पासवर्ड मागत नसे. दोन वर्षं मी त्यात घरातला एकेक कागद स्कॅन करून घातला. या मार्चमध्ये त्या लॅपटॉपची बॅटरी फुगली आणि तो गेला. नवा घेतला, त्यात मुद्दाम मराठी घालून घेतली आणि कपाटात ठेवून दिला. घाई कशाची, कागद तर डब्यात होते.

आता ज्याच्यासाठी हे रामायण झालं तो कागद. माझे आजोबा जळबा हे आमच्या घराण्यात शाळेत गेलेले पहिले. ते निजामाचं राज्य, त्यामुळे शाळेच्या रजिस्टरात त्यांची नोंद उर्दूत आहे. तिचा उतारा आणि खाली एका उर्दूच्या गुरुजींनी सही-शिक्क्यासह केलेलं मराठी भाषांतर, असा तो एक कागद. घरात ज्याला ज्याला शिकायचं त्याला जात पडताळणीच्या अर्जाला हा कागद लागतो. रजिस्टरला आता हात लावला की पानाचा भुगा होतो, आणि भाषांतर करणारे गुरुजी वारले. मूळ कागद माझा धाकटा भाऊ प्रमोद पुण्याला घेऊन गेला होता, तो त्याने घर बदलताना “इतक्या जपून ठेवला” की अजून सापडलेला नाही. उरला डब्यातला.

माझ्या मुलीला, आरोहीला, कृषीच्या पदवीला प्रवेश मिळत होता. पडताळणीच्या अर्जाची पावती त्या मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत जोडायची होती, नाहीतर जागा पुढच्या मुलाला. पोरगी महिनाभर मागे लागली होती, “पप्पा, अर्ज भरून टाकू ना.” मी महिनाभर सांगत होतो, “कागद तयार आहेत. दहा मिनिटांचं काम.” शेवटच्या दिवशी गर्दी करणाऱ्या पालकांना मी खिडकीतून काय काय बोलतो ते इथे सांगत नाही.

सकाळी दहाला रजा टाकून बसलो. नव्या लॅपटॉपने नाव आणि पासवर्ड मागितला. डब्याच्या बुडाला वैजनाथने चिठ्ठी चिकटवलेली निघाली. तिच्यावर माझं, माझ्या बायकोचं म्हणजे संध्याचं आणि आरोहीचं नाव आणि ज्याचा त्याचा पासवर्ड होता. मी माझा घातला. आत गेलो. माझ्या नावाखाली लिहिलं होतं, ‘बुद्धभूषण, नाते: मुलगा.’ जरा चमत्कारिक वाटलं, पण पुढे गेलो. ‘फोटो’ उघडलं. ‘गाणी’ उघडलं. ‘कागदपत्रे’वर दाबलं, तर पाटी आली: ‘या फोल्डरमध्ये प्रवेशाची आपणास परवानगी नाही. परवानगीसाठी आपल्या नेटवर्क प्रशासकाशी संपर्क साधा.’

मी ती तीनदा वाचली. भाषा निर्दोष होती. अशीच भाषा मी वापरतो. पण ती ऐकून घेणाऱ्याला कसं वाटतं याची मला आजवर कल्पना नव्हती.

“या घराचा प्रशासक कोण आहे?” मी जरा मोठ्याने विचारलं.

“मी तर न्हाई,” संध्या शाळेची पर्स खांद्याला लावता लावता म्हणाली. तिने आपलं नाव घालून बघितलं. “मला सून लिहिलंय. फोल्डर उघडून न्हाई राहिलं.” आरोहीच्या नावाखाली नात होतं. तिचंही उघडेना.

“पप्पा, ॲडमिनचं अकाउंट पाहिजे,” आरोही म्हणाली. “वैजनाथकाकांनाच माहीत असंल.”

वैजनाथचा फोन लागेना. तेवढ्यात आमचा आवाज ऐकून शेजारचे हिरासिंग आले. हे टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. जगातला कुठलाही बिघाड त्यांच्या मते जॉइंटमध्ये असतो. शेजारच्या जोशीकाकूंचे गुडघे दुखत होते तेव्हाही त्यांनी हेच निदान केलं होतं, आणि ते बरोबर निघालं होतं, त्यामुळे त्यांना आवरणं कठीण.

“भूषणबाबू, जॉइंट में पानी गया है,” ते डबा उलटा करत म्हणाले. “लाइन है, लेकिन गूंगी हो गई. अच्छा, ये पीछे छेद काहे का?”

“काका, त्याला हात लावू नका!” आरोही ओरडली. “ते जास्त वेळ दाबलं तर आतलं सगळं पुसून जातं.”

“मतलब नया जैसा हो जाता?”

“व्हय, नवा. रिकामा.”

“तो अच्छा ही है ना,” असं म्हणून हिरासिंगांनी सदऱ्याला लावलेली टाचणी काढली. संध्याने ती त्यांच्या हातातून घेतली, आपल्या पर्समध्ये घातली आणि शाळेत रजा कळवायला फोन लावला. अशा प्रसंगी ती फार बोलत नाही.

वैजनाथच्या दुकानाच्या शटरवर कागद होता: ‘सिद्धेश्वरला कामावर.’ तिथे कोणत्या कामावर, हे शेजारच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं. धरणाकडच्या एका शेतातून पाण्याच्या मोटारी चोरीला जातात म्हणून कॅमेरे बसवायचे होते, आणि त्या भागात फोन लागत नाही. मी मोटारसायकल काढली. हिरासिंग म्हणाले, मैं भी आता हूं, जॉइंट देख लेंगे. मी ऐकलं नाही असं दाखवून निघालो.

साडेबाराला वैजनाथ सापडला. विजेच्या खांबाएवढ्या उंच पाइपाला शिडी लावून वर कॅमेरा आवळत होता. मला बघून त्याने वरूनच हात केला. “जयभीम सर! इकडं कुठं?”

“आमच्या घराचा प्रशासक कोण आहे?” मी खालून विचारलं. शेतमालक माझ्याकडे आणि मग वैजनाथकडे बघू लागला.

वैजनाथ खाली आला. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, “सर, तुमीच म्हणले होते, कार्डात हाय तसं टाका, आपल्या मनाचं काई घालू नका. मी कार्डापरमानं टाकलं. कुटुंबप्रमुखाला सगळे अधिकार. बाकीच्याला नात्यापरमानं. कागदपत्रं जोखमीची, म्हणून ती फकस्त प्रमुखाला.”

“आणि प्रमुख?”

“रुक्माबाई. रेशनकार्डावर घरातली मोठी बाईच प्रमुख राहती ना, सर. तुमाला तं माहीत पाहिजे.”

मला माहीत होतं. रोज पन्नास कार्डं माझ्या हाताखालून जातात. पण ती दुसऱ्यांची असतात. “मग दोन वर्षं माझ्या लॅपटॉपवर कसं उघडत होतं?”

“तुमचा लॅपटॉप आजीच्या नावानं जोडलेला होता. घरात एकच होता, तो प्रमुखाचाच धरला.”

म्हणजे दोन वर्षं मी आईच्या नावाने वावरत होतो. हे पचवायला वेळ नव्हता. मी पासवर्ड विचारला.

“तो आजीपाशी,” वैजनाथ म्हणाला. “मी इसरून गेलो. गिऱ्हाइकाचा नंबर ध्यानात ठेवायचा नसतो, ती अमानत असती. आजीला बराबर समजावून सांगितलं होतं, कुणी किती बी मागो, सांगायचा न्हाई.”

“म्हणून चिठ्ठीवर तिचं नाव नाही?”

“लिहून ठेवल्यावर मंग काय राहिलं, सर?”

त्याचं कुठे काही चुकलं होतं असं मला म्हणता येईना. हा माणूस आमच्या कॉलेजात हवा होता. मी परत निघालो तेव्हा एक वाजला होता.

घरी पोचलो तर आई अंगणात हळकुंडं निवडत बसली होती. चांगली एका सुपात, किडकी दुसऱ्यात. सकाळपासून घरात चाललेला गोंधळ तिने इथूनच ऐकला होता. मी समोर बसलो आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, “आई, त्या डब्याचा नंबर काय गं?”

“काहून पाहिजे?”

“कागद काढायचा आहे.”

“कोणाला?”

“आरूला लागतो. प्रवेशाला.”

“मंग आरूला पाठव,” आई हळकुंडावरची नजर न काढता म्हणाली. “ज्याचं काम त्यानं यावं. तूच तर म्हणतूस ना, पोरांच्या बापाला वापस लावतूस तवा.”

संध्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला. अर्जदाराने स्वतः यावं, हा माझा खिडकीवरचा नियम आहे आणि जेवताना मी तो अभिमानाने घरी सांगत असतो. आई सगळं ऐकत असते, हे मी कधी धरलंच नव्हतं.

“आई, तू सकाळीच का बोलली नाहीस? मी सिद्धेश्वरला जाऊन आलो!”

“मला कोणी इचारलं?” आई म्हणाली. “तू इचारलंस, ह्या घराचा प्रशासक कोण हाय म्हणून. मला काय ठाव, मीच हाय ते.”

आरोही आली. आजीने तिला जवळ बसवलं, पण नंबर तिलाही सांगेना. “सांगायचा न्हाई म्हणला होता त्यो. मी बटनं दाबून देते. आकडे मला येतात.” हा तोडगा सगळ्यांना मान्य झाला. आम्ही उठलो, लॅपटॉप उघडला, आणि लाइट गेली. डब्यावरचा हिरवा दिवा विझला. वीज कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं, दुरुस्ती चालू आहे, पाच साडेपाच होतील.

तेव्हा अडीच वाजले होते. इन्व्हर्टर आहे हिरासिंगांकडे. मी डबा उचलला, आरोहीने वायफायचं यंत्र आणि वायरींचा गुंता घेतला, संध्याने लॅपटॉप. राहिली आई. ती म्हणाली, “लोकाच्या घरी जायचं, लुगडं बदलू दे.” हिरासिंगांचं घर आणि आमचं घर यांच्यात एक भिंत आहे, आणि आई त्यांच्याकडे रोज दुपारी जाते. पण आजचं जाणं वेगळं होतं. तिने ट्रंक काढली. पांढरं लुगडं नको म्हणून निळ्या काठाचं घेतलं, ते नेसून झाल्यावर केस विंचरले, चष्मा पुसला. मी दारात डबा छातीशी धरून उभा होतो आणि गल्लीतली माणसं विचारत होती, घर बदललं का म्हणून. आम्ही निघालो तेव्हा साडेतीन झाले होते.

हिरासिंगांनी जॉइंट स्वतःच्या हाताने जोडले. या कामात मात्र ते खरंच तयार निघाले, पाच मिनिटांत हिरवा दिवा लागला. आई खुर्चीवर बसली, चष्मा लावला आणि म्हणाली, “तोंडं फिरवा.”

हिरासिंग लगेच भिंतीकडे वळले. म्हणाले, सही बात है, बडे साहब लोगों का लाइन जोडते समय हम भी ऐसेही करते थे. संध्या वळली, आरोही वळली. मी तसाच उभा होतो. “तू बी,” आई म्हणाली. मी हिरासिंगांच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

मागून एक बटण दाबल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. “आगं, ठिपके पळून राहिले!” आई ओरडली. बघतो तर तिने एका आकड्यावर बोट रोवून धरलं होतं आणि पडदा ठिपक्यांनी भरत चालला होता. रेशनच्या मशीनने तिला जोरात दाबायला शिकवलं होतं. आरोहीने सगळं पुसलं आणि सांगितलं, “आजी, हळू. नुसतं टेकवायचं.” आम्ही पुन्हा भिंतीकडे तोंडं केली. दुसऱ्यांदा तसंच झालं. तिसऱ्यांदा मात्र आवाज सुटे सुटे येऊ लागले. टक. टक. मी मनात मोजत होतो. बारा.

बारा आकडे. आईला पाठ असलेला बारा आकड्यांचा नंबर जगात एकच होता. पाच खेपा घालून तिने तो रेशनच्या रांगेत सगळ्या वसमतला ऐकवला होता. त्याची झेरॉक्स वर्षानुवर्षं माझ्या टेबलावर पडून होती. मी एका शब्दाने बोललो नाही, आणि आजतागायत बोललेलो नाही.

“उघडलं!” आरोही म्हणाली. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

जळबाचा कागद पडद्यावर आला. आरोही तो लॅपटॉपवर उतरवून घेणार, तेवढ्यात आईने तिचा हात धरला. “आधी मला वाचून दाखव. माझ्या सासऱ्याचं नाव हाय त्याच्यात, मी कधी ऐकलं न्हाई.” मी घड्याळाकडे बघितलं. पण परवानगी तिची होती. मी वाचलं: नाव जळबा, बापाचं नाव ग्यानबा, वय सात वर्षं, दाखल वर्ग पहिला, अमुक तारीख, हजेरी ठीक.

आईने पडद्याला हळूच बोट टेकवलं. मग म्हणाली, “मामंजी सांगायचे, दाराच्या भाईर बसून शिकलो. आत येऊ देत नव्हते. म्हंजे नाव मात्र आत होतं व्हय?”

“होतं, आई. सरकारी रजिस्टरात.”

“मंग काय तर,” ती म्हणाली आणि आरोहीचा हात सोडला. हिरासिंगांनी अजून तोंड भिंतीकडेच ठेवलेलं होतं. सकाळपासून एका फोल्डरच्या दाराशी ताटकळत मी किती बोंब मारली होती.

पुढचं आरोहीने केलं. फोनच्या नेटवर अर्ज भरला. कागदाची फाइल मोठी आहे म्हणून साइटने दोनदा परत पाठवली, ती लहान करून घातली. पावती निघाली चार बावन्नला. प्रवेशाला जोडली चार सत्तावन्नला. हिरासिंगांनी चहा टाकला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, जॉइंट का ही मामला था.

त्या रविवारी वैजनाथ हक्क नीट वाटून द्यायला आला. मी खुर्ची पुढे ओढली. तो आईजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, “आजी, कोणाला काय द्यायचं?” आईने विचार केला. आरोहीला सगळं दिलं, “तिला अजून लई शिकायचंय” म्हणून. संध्याला कागद घालायची आणि काढायची परवानगी मिळाली. माझ्या बाबतीत तिने विचारलं, “ह्याला नुसतं वाचता येईल असं काई असतं का?” असतं. ते मला मिळालं.

जाता जाता वैजनाथ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, तुमच्या नावाखाली मुलगा लिहिलंय, ते बरं दिसत न्हाई. बदलून टाकू का? प्रमुख करता येतं.”

आई ओट्यावर सूप घेऊन बसली होती. कार्डावरचं पहिलं नाव कमी झालं की खालच्या सगळ्यांची नाती बदलतात. तसे अर्ज माझ्या खिडकीवर रोज येतात, सोबत मृत्यूचा दाखला जोडलेला असतो. मी वैजनाथला म्हणालो, “राहू द्या. मुलगाच राहू द्या.”